सिस्टर ऑनलाइन आहेत

आई जाऊन अर्धं वर्ष होत आलं होतं, आणि त्या दुपारी ती ऑनलाइन होती.

मी कामावर होते. दुकानांतले वजनकाटे तपासायचे, हे माझं काम. एका किराणा दुकानाच्या काट्यावर वजन ठेवून आकडा स्थिर व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात सवयीने फोन उघडला आणि आईच्या नावाखाली तो हिरवा शब्द दिसला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काटा बरोबर आहे ना?" मी त्याच्यावर उगाचच खेकसले. एरवी एका हाताने उचलते ते वजन दोन्ही हातांनी उचललं.

भुताखेतांना घाबरणारी बाई मी नव्हे. घरात मला फौजदार म्हणतात ते काही लाडाने नाही. आईचा फोन या दुपारच्या काही दिवस आधी, त्याच आठवड्यात चोरीला गेला होता. सिम मी लगेच बंद केलं, पोलिसांत तक्रार दिली आणि विषय संपला असं धरून चालले. सिम बंद असलं तरी फोन वायफायवर चालूच राहतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आता आलं. पण डोक्याला कळलं म्हणून अंगावरचा काटा जात नाही. तो शब्द विझेपर्यंत मी त्या दुकानात नुसती उभी होते.

तो फोन म्हणजे साधीसुधी वस्तू नव्हती. आई प्रसूतिगृहात नर्स होती. अडलेलं दूध, गाठी, भेगा, तोंड न लावणारी बाळं, हा तिचा प्रांत. घरी गेलेल्या बाळंतिणीही तिला सोडायच्या नाहीत. "सिस्टर, फार दुखतंय हो," असा फोन आला की ही म्हणायची, "फोटो पाठव, बघते." मग कालच्या फोटोशी आजचा ताडून बघायची, सूज उतरली का, लाली कमी झाली का. नवऱ्यालाही जे दाखवायला बायका संकोचतात ते त्यांनी आईला विश्वासाने दाखवलं होतं. त्या विश्वासाला आई जपायची. फोनमधलं काहीही आपोआप दुसरीकडे साठवलं जाऊ नये म्हणून तिने ती सोय बंद करून ठेवली होती. "हे माझ्यापाशीच राहणार," म्हणायची. कामं संपल्यावर सगळं पुसून टाकायचा तिचा बेत होता. मधेच आजारपण आलं आणि राहून गेलं.

आणि त्याच फोनमध्ये बाबांसाठी तिचा आवाज होता. आपलं काही खरं नाही हे कळल्यावर तिने पलंगावर पडल्या पडल्या बाबांसाठी बोलून ठेवलं होतं. छोटी छोटी रेकॉर्डिंगं. "अहो, उठलात का? आधी खिडकी उघडा. कालचेच मोजे चढवू नका." असलंच सगळं. बाबा रोज सकाळी एकच ऐकायचे. पुढचं ऐकायचे नाहीत, आम्हाला ऐकू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "निदान एक कॉपी तरी करून ठेवू द्या." तर म्हणाले, "म्हणजे माझ्याआधी तू ऐकणार." मी हात टेकले.

फोनला कुलूप नव्हतं, ही आमच्या घराची खास करामत. बाबांचा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेला. बोटांवरच्या रेषा काचेबरोबर घासून गेल्या. फोन त्यांचं बोट काही केल्या ओळखेना. आकडे टाकायला सांगितले तर रोज चुकायचे, फोन बंद पडायचा आणि बाबा रडकुंडीला यायचे. शेवटी माझ्या धाकट्या भावाने कुलूपच काढून टाकलं. आतल्या बायकांचा विचार ना त्याने केला, ना बाबांनी, ना मी. आम्हाला तो फोन म्हणजे फक्त आमची आई होती.

बाबा बागेतल्या बाकावर बसून ऐकायचे, आणि ऐकून झालं की थोडा वेळ डोळे मिटून राहायचे. त्या दिवशी डोळे उघडले तर मांडीजवळ ठेवलेला फोन नव्हता.

दुकानातून मी थेट बाबांकडे गेले. भावाने त्यांना नवा फोन आणून दिला होता, तो घेऊन ते खिडकीत बसले होते.

"बाबा, आईच्या खात्याचा पासवर्ड द्या. तो घातला की इथून बसल्या बसल्या फोन पुसून टाकता येतो."

"पुसून म्हणजे?"

"सगळं. एकूण एक."

"आठवत नाही," बाबा म्हणाले.

"तिने फक्त तुम्हालाच सांगितला होता."

"सांगितला असेल. म्हातारपणी काय काय लक्षात ठेवायचं?" असं म्हणत त्यांनी नवा फोन खिशात घातला. मला राग आला, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. खरं सांगायचं तर चेहरा मला वाटला तेवढा पडलेला नव्हता. चोरीच्या दिवशी पाणीसुद्धा न घेणारा माणूस आता दाढी करून, खिडकी उघडून बसला होता. मला ते विचित्र वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट मनात म्हटलं, सावरले बाबा.

दुसऱ्या दिवशीही आई ऑनलाइन होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी रोज बाबांकडे जायची, पासवर्ड मागायची आणि हात हलवत परत यायची. कामावर काट्यांचे आकडे दिसायचे, पण नजर फोनवर. आई यायची, जायची. एकदा तर "टाइप करत आहे" असंही दिसलं. मी वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. मला लिहिलेलं पुसून टाकलं, की कोणा दुसऱ्यालाच लिहायचं होतं, कोण जाणे. आईशी बोलायला आसुसलेली मी, आणि त्या क्षणी मला तिची भीती वाटली. आपल्या आईची भीती वाटावी याची लाज वाटली ती वेगळीच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी बाबांकडे होते. दारावरची बेल वाजली. दारात एक अनोळखी तरुण बाई, कडेवर तान्हं बाळ, चेहरा ओढलेला.

"सिस्टर आहेत का? प्रसूतिगृहाच्या दारावरच्या नव्या वॉचमनने पत्ता काढून दिला. मी बेकरीत काम करते, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या बाळाच्या वेळेला सिस्टरांनीच मला..." बोलता बोलता तिचं लक्ष आतल्या फळीवरच्या आईच्या फोटोकडे गेलं. शेजारी आईचा मिटलेला चष्मा ठेवला होता. तिला समजलं.

"कधी?" तिने विचारलं.

"थंडीत," मी म्हणाले.

"असं कसं होईल? परवाच बोलल्या माझ्याशी."

ती खाली बसली. मी पाणी दिलं, बाळाला घेतलं. मग हळूहळू तिने सांगितलं. सिस्टरांच्या नंबरवरून मेसेज आला, बाळ कसंय, दुखतं का अजून. तिला भरून आलं की इतक्या दिवसांनी आठवण ठेवली. मग फोटो पाठव म्हणून आलं. ती जराशी घुटमळली, तेव्हा सिस्टरांचा आवाज आला. तो आवाज ऐकून तिने फोटो पाठवला. मग पुढचा मेसेज आला, आता चेहरा दिसेल असा पाठव. "तेव्हा मला खटकलं हो. सिस्टर असं कधी म्हणतील का? फोन लावला तर लागेना. घरात सांगायची सोय नाही. माझा नवरा मलाच धारेवर धरेल."

"आवाज ऐकवा," मी म्हणाले.

तिने फोन पुढे धरला. खोलीत आई बोलली. "दाखव गं बाळा, लाजतेस काय? मी काय परकी आहे का?"

कधीतरी, कोणत्या तरी घाबरलेल्या पोरीला पाठवलेले ते शब्द. तीच खरखर, तेच शब्दांमागचं हसू. कडेवरचं बाळ दचकलं की मीच दचकले, कोण जाणे. तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच वेळी ढसाढसा रडावंसं वाटलं.

बाबा म्हणाले, "परत लाव."

तिने लावलं. मी बाबांकडे पाहिलं. आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो पांढरा पडला होता. त्यांनी खिशातून नवा फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

आईचं नाव वरती होतं. पहिला मेसेज बाबांचा, चोरीनंतर दुसऱ्याच दिवशीचा. *फोन तुम्ही ठेवा. फक्त तिचे आवाज मला परत द्या.* त्याखाली उत्तर. *रोज एक पाठवतो. फोन बंद करायचा नाही.* आणि त्याखाली रोज सकाळी एक, एक. बाबा ऐकत होते. पासवर्ड त्यांना पहिल्यापासून पाठ होता.

"बाबा!" मी ओरडले. बाळ रडायला लागलं.

"मला वाटलं, मोबाइल आहे, विकून खाईल कोणीतरी," ते म्हणाले. "त्यात या पोरींचं काही असेल हे माझ्या..." मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "बाई, अजून किती जणींना..."

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली, आणि बाळाला माझ्याकडून जवळजवळ ओढून घेतलं.

बाबांनी पासवर्ड सांगितला. एकदाही न अडखळता, एकेक अक्षर. मी टाकत गेले. नकाशा उघडला, शहराच्या मध्यावर एका गल्लीत ठिपका होता. बॅटरी पूर्ण भरलेली. कोणीतरी आईचा फोन वेळच्या वेळी चार्जिंगला लावत होतं. ठिपक्याचा पत्ता मी पोलिसांसाठी टिपून घेतला, मग पुसण्याचं बटण दाबलं. खात्री आहे का, असं पडद्यावर आलं. यातलं काहीही परत मिळणार नाही.

तेवढ्यात बाबांच्या फोनवर आईचं नाव झळकलं. आजचं रेकॉर्डिंग आलं होतं. बाबांनी तिकडे पाहिलं.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबलं. जरा वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं. मग फोन पुसला गेल्याचं आलं, आणि नकाशावरचा ठिपका गेला. बेकरीतली बाई हुंदके देत उठली. तिने पाठवलेला फोटो त्या चोराने आणखी कुठे ठेवला असेल तर? असं तिने विचारलं. पोलिसांत तिच्यासोबत येईन, तिच्या नवऱ्याशी मी बोलेन, असं म्हणाले, आणि ते मी नंतर केलंही. जिन्यापर्यंत तिला सोडून आले.

परत आले तर बाबा तसेच बसले होते. आलेलं रेकॉर्डिंग त्यांनी उघडलं नव्हतं. मी शेजारी बसले. रागावायचं होतं, पण जमेना.

"उरलेल्यांत काय असेल गं?" त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही, मी थाप मारली. "शेवटचं मी दारातून ऐकलं होतं, बाबा. म्हणत होती, तुमच्यासोबत सुखात गेलं सगळं. काळजी घ्या."

"ती असं बोलणारी बाई नव्हती," बाबा म्हणाले. घासून गेलेली बोटं त्यांनी एकमेकांवर फिरवली. "शेवटचं काय असेल ते मला माहीत नाही. पण आज ती काय म्हणाली असती ते माहीत आहे. मघापासून ऐकू येतंय."

"काय?"

"अहो, माझा आवाज ऐकायला मिळावा म्हणून माझ्या पोरींना उघड्यावर टाकलंत?"

ते अगदी तिच्यासारखं बोलले, तोच हेल, तीच खरखर.