बॉटल ग्रीन, सोनेरी रेघ

माणूस जातो, पण त्याचं यंत्र मागे उरतं आणि त्यात त्याचा थोडा अंश शिल्लक असतो, असं माझं गंभीर मत होतं. मग मी बाबांच्या मोटारसायकलची टाकी उतरवली. आत गंजाचा चिखल आणि एक वाळलेली पाल निघाली. अंश वगैरे काही नव्हता. शिवाय बाबा कुठे गेलेलेही नव्हते. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते मला सांगत होते, "मिस्त्री, टाकी आधी धुऊन घ्या. घाणीवर रंग बसत नाही."

मिस्त्री म्हणजे मी. एरवी मी दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवतो आणि बाबांचा एकुलता एक मुलगा आहे. यातली दुसरी गोष्ट बाबांच्या डोक्यातून कधीच पुसली गेली होती. पहिली त्यांना आधीपासूनच फारशी पटलेली नव्हती. आयुष्यभर त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. जे मोजता येत नाही ते शिकवून पगार घ्यायचा, याला ते अगदी सभ्य आवाजात हातचलाखी म्हणत.

घर बाबांचं. माझी मोठी बहीण त्यांना सांभाळायला तिथे राहत होती. पण घर आपलं आहे हेच आठवत नसल्यामुळे बाबा स्वतःला तिच्याकडचे पाहुणे समजत. फार चांगले पाहुणे. जेवण झालं की "भाजी छान झाली होती हो, बाई" म्हणत, स्वतःचं ताट उचलून ठेवत. फक्त संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे राहत.

"माझी गाडी कुठे लावलीय? गाडी मिळाली की निघतो मी घरी."

"बाबा, ही काय समोर. तुमचीच आहे."

"ही निळी? ही कुणाची तरी आहे. माझी हिरवी."

मी अगदी लहान असताना हौसेनं त्यांनीच ती चकचकीत निळी करून घेतली होती. तो निळा आता त्यांच्या डोक्यात उरला नव्हता, म्हणून ताईचा जरा डोळा लागला की ते हिरवी गाडी शोधायला बाहेर पडत. एकदा रेल्वेफाटकाजवळ सापडले. एकदा एका शाळेच्या सायकल स्टँडवर, प्रत्येक सायकल वाकून तपासताना. पुढच्या वेळी पोलिसांच्या गाडीतून उतरले, आणि उतरताना ड्रायव्हरला "किती झाले?" म्हणून विचारलं.

शहराबाहेरच्या एका संस्थेत खाट रिकामी झाली होती. ताई तिला वृद्धाश्रम म्हणत नसे, संस्था म्हणत असे. त्यामुळे तिला रात्री झोप येत होती असं नाही. त्या लोकांना महिनाअखेर उत्तर हवं होतं.

"हे बघ, छोट्या," ती फोनवर म्हणाली, "त्यांना त्यांची गाडी हवीय ना? देऊ. आपण घरीच रंगवू, होती तशी. त्यांनी ओळखली तर भटकणं थांबेल, आणि मी संस्थेला नाही म्हणून कळवीन."

"आणि नाही ओळखली तर?"

"तर तू जाऊन इतिहास शिकव. बाकीचं मी बघते."

मी सुट्टी टाकून आलो.

हल्ली लोक गाड्या जुन्यासारख्या दिसाव्यात म्हणून नव्याने रंगवतात. त्याला व्हिंटेज म्हणतात. "व्हिंटेज ना? मग क्रीम आणि कॉफी घ्या, सगळे तेच नेतात," रंगाच्या दुकानातला माणूस म्हणाला. मी म्हटलं, आमची खरोखरच जुनी आहे. "मग तर काय, अर्धं काम झालंच," तो म्हणाला.

हिरवा नेमका कोणता, यावरून ताईचं आणि माझं वाजलं. एकच फोटो होता आणि तो काळा-पांढरा. ताईच्या मते पोपटी, माझ्या मते शेवाळी. "तू तेव्हा रांगत होतास," ती म्हणाली. "मी टाकीच्या उंचीवरच रांगत होतो," मी म्हणालो. शेवटी सीटखाली, जिथे निळा पोचला नव्हता, तिथे नखाएवढा मूळ रंग सापडला. बॉटल ग्रीन. दोघंही चुकलो होतो, त्यामुळे भांडण मिटलं.

इंजिन बरीच वर्षं बंद होतं. ते तसंच राहू द्यायचं ठरलं. बाबांनी थोडीच चालवायची होती? नुसती बघायची.

मी फरशीवर वर्तमानपत्रं पसरून वॉटर पेपरने निळा घासायला लागलो. बाबांनी खुर्ची जवळ ओढली.

"पाणी मारत घासा, मिस्त्री. कोरडं घासलं की ओरखडे पडतात."

"हो, साहेब."

"कुणाच्या हाताखाली शिकलात?"

"वडिलांच्या."

"मग त्यांनी कान पिळायला हवे होते तुमचे."

दारात उभी असलेली ताई तोंडावर पदर धरून हसली. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नाहीत. साहेब म्हटलं की लगेच ओ देतात. तू साहेबच म्हण, बाबा आपण मनात म्हणू."

पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरून झाली, प्रायमर झाला, भाड्याच्या कॉम्प्रेसरवर हिरव्याचे हात सुरू झाले. कुंपणावरची जास्वंदही थोडी बॉटल ग्रीन झाली. संध्याकाळी बाबा चपला घालत, अंगणापर्यंत येत आणि विचारत, "कधी देताय गाडी?" मी म्हणे, "रंग वाळला की, साहेब." मग ते चपला काढून आत जात. इतके दिवस ते एकदाही फाटकाबाहेर गेले नाहीत. ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट व्हायला लागली. शहाण्या माणसाने इथेच थांबून जन्मभर रंग वाळत ठेवला असता. पण आम्हाला गाडी पूर्ण करायची होती.

शेवटी राहिली टाकीवरची सोनेरी रेघ. ती बारीक, लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात ओढायची असते. माझी रेघ मध्येच कापली, मी ती पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. बाबा बराच वेळ सहन करत होते.

"सरका," ते म्हणाले.

चहाचा कप बशीत खडखडवणारा तो हात टाकीवर टेकला आणि गप्प झाला. टाकीच्या पुढच्या टोकापासून सीटकडच्या टोकापर्यंत त्यांनी श्वास रोखून रेघ ओढली. मी चाळीस वर्षं ज्याचा मुलगा होतो तो माणूस तेवढा वेळ तिथे होता. मग त्यांनी रेघेच्या दोन्ही टोकांना बाण काढले, मध्ये तिची लांबी लिहिली आणि खाली टपोऱ्या, सुबक अक्षरांत टीप दिली: सर्व मापे प्रत्यक्ष जागेवर तपासून घ्यावीत.

"पुसू?" मी ताईला हळूच विचारलं.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

टाकी चढवली, आरसे पुसले. संध्याकाळी बाबा चपला घालून बाहेर आले आणि पायरीवरच थबकले.

"आली?"

ताईने माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती. बाबा गाडीभोवती फिरले. सीटवर हात फिरवला, हँडल धरून डावी-उजवीकडे वळवलं, खाली वाकून बघितलं. "माझीच," ते म्हणाले. "कुठे सापडली हो?"

ताई रडायला लागली, हसायलाही लागली. "उद्या सकाळीच त्या लोकांना नाही म्हणून सांगते," ती माझ्या कानात म्हणाली. बाबा लगबगीने आत गेले. आम्हाला वाटलं, चष्मा आणायला गेले असतील.

ते परत आले ते पॅन्ट-शर्ट घालून, पट्टा आवळून, काखेत पिशवी मारून. पिशवीतून टॉवेल डोकावत होता.

"येतो मग, बाई," ते ताईला म्हणाले. "फार दिवस ठेवून घेतलंत. पोटच्या मुलीनेसुद्धा केलं नसतं एवढं. घरी गेल्यावर हिला सांगतो सगळं."

ही म्हणजे आमची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

गाडी मिळाली की निघतो, असं ते रोज सांगत होते. वाक्य सरळ होतं. आम्ही शिकल्यासवरलेल्या दोघांनी त्यातला पहिला अर्धा भाग ऐकून त्यावर रंगाचे हात चढवले होते.

ते बसले. किक मारली. पुन्हा मारली. त्यांचा पाय घसरत होता, पट्ट्याच्या वरून शर्ट सुटला होता. "बाबा, नको," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. "साहेब, नको."

"मिस्त्री, नुसता रंगच दिलात?" ते म्हणाले. रागावले नव्हते. नवल वाटलं होतं.

मग ते उतरले आणि ढकलत निघाले. अडवायला गेलो तर त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, तिच्यामुळे मी बाजूला झालो. आम्ही दोघं मागून ढकलायला लागलो, दुसरं काय करणार? पुढे बाबा, हँडल धरून, दिसेल त्याला "सरळच ना?" विचारत, मागे त्यांचा मुलगा आणि मुलगी. औषधाच्या दुकानापाशी ते दमले आणि फुटपाथवर बसले. त्यांचे हात पुन्हा थरथरत होते.

"तुम्ही जा आता, बाई," ते म्हणाले. "तुमच्या घरी वाट बघत असतील."

ताईने त्यांचा शर्ट नीट खोचला. मग थोडी लांब जाऊन तिने संस्थेला फोन लावला. मी गाडी धरून उभा होतो. तिला "हो," "हो," "उद्याच," एवढंच बोलताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने आम्ही त्यांना नेलं. घरी नेतोय, असं ताईने सांगितलं, आणि ते वाटभर आनंदात होते. गाडी मागच्या टेम्पोत दोऱ्यांनी बांधलेली होती. ती दिसत राहावी म्हणून ते सारखे वळून बघत होते.

संस्थेच्या आवारात पार्किंगची सोय फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे.