माळ आणि मळा

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा प्रांजल वारूळवाडीच्या घरी जेवायला बसत होती. शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करायचं ॲप तिची कंपनी बनवत होती. मोबाईलचा हुकूम घेणारे स्टार्टरचे डबे बसवायचं काम सलीमभाईंकडं होतं.

"ताई, लोणीत हाय. मळ्याची मोटर चालू केली, तर माळावरची सुरू झाली. राघूभाऊ नुकतंच त्या विहिरीतनं वर आलं व्हतं. जरा आधी दाबलं असतं तर..."

"मेन स्विच पाडा. कुणाला हात लावू देऊ नका," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ताट तसंच ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. तिचा स्वतःचा कोड बरोबर दिसत होता. मोटारींची नावं दिली की दुसऱ्यांनी लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, पुढचा कोड आपोआप लिहून द्यायची. यादीत राघूभाऊंच्या दोन मोटारी होत्या, तयार झालेल्या फाईलमध्ये एकच. लायब्ररी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत करताना ऱ्हस्व-दीर्घ सोडून देत होती. मळा आणि माळ, शेवटचा 'अ' धरून दोन्हींची तीच चार अक्षरं झाली: एम, ए, एल, ए. दुसऱ्या नावानं पहिलं पुसून टाकलं होतं, आणि चूक म्हणून कुठं एक ओळही उमटली नव्हती. लायब्ररीची नवी आवृत्ती कालच तिनं घेतली होती. तपासताना नावं दिली होती 'विहीर एक' आणि 'विहीर दोन'.

तिनं ॲपमधलं सगळ्यांचं चालू करायचं बटण बंद पाडलं. मग अशीच नावं आणखी कुणाची आहेत ते शोधलं. एकच घर निघालं, आळ्याच्या साळुबाईंचं. त्यांनी मळ्याच्या मोटारीला दोनची वेळ लावली होती, कारण तिकडं लाईट दोनला येते. तो हुकूम सकाळीच डब्यात जाऊन बसला होता, माळाच्या डब्यात. तो आता इथून परत घेता येत नव्हता.

साळुबाई फोन उचलेनात. सव्वा वाजला होता. प्रांजलनं स्कूटी काढली. आळेफाट्यापर्यंत तिला रस्ता दिसत होता की नाही, हे तिला नंतर आठवेना. थांबून थांबून ती फोन लावत होती, आणि दर वेळी रिंग पूर्ण वाजून बंद होत होती.

माळावरच्या विहिरीच्या काठावर साळुबाई दोर धरून बसल्या होत्या. खाली त्यांचे मालक रखमाजी कमरेएवढ्या पाण्यात मोटारीच्या पाईपला पाना लावत होते.

"मावशी, त्यांना वर घ्या. आत्ता."

"अगं, ही मोटर बंद हाय. दोनला मळ्यातली चालू व्हायचीय."

"हीच चालू होणार आहे. काका, पाईप सोडा, वर या."

तिचा आवाज ऐकून रखमाजींनी पाना टाकला आणि पायऱ्या धरल्या. पायऱ्या चढताना त्यांचा पाय एकदा सटकला. ते काठावर आले आणि धाप टाकत बसले. प्रांजल मेन स्विच शोधत शेडकडं निघाली, तेवढ्यात लाईट आली. विहिरीत मोटर घरघरली आणि अर्धवट बसवलेल्या पाईपातून पाणी उसळलं.

साळुबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"चूक माझी आहे," प्रांजल म्हणाली. "नावात घोटाळा झाला."

रखमाजी म्हणाले, "पोरी, आधी तो खटका पाड. मला उठवत न्हाई."

तिनं खटका पाडला.

संध्याकाळी तिनं प्रत्येक मोटारीला नावाऐवजी नंबर दिला आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांना सगळी हकीकत कळवली. राघूभाऊंनी मात्र डबा काढून टाकायला सांगितलं. सलीमभाईंनी तो दुसऱ्या दिवशी काढून आणला.