माझ्या डब्यातल्या काळ्या वाट्या

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या क्लबच्या नेमबाजीत माझा नंबर नववा आला. नेमबाज होते दहा. दहावे होते पाद्रीबाबा, आणि ते तसेही फक्त जेवायला येतात.

याच बंदुकीनं ऑक्टोबरमध्ये मी शंभर यार्डांवर तीन गोळ्या अशा मारल्या होत्या की तिन्ही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. त्या शनिवारी ती जेवायच्या ताटाएवढी पसरली.

आमच्या ओहायोच्या टेकड्यांत जानेवारीतले चार दिवस हरणांना फक्त ठासणीच्या बंदुकीनं मारायची मुभा असते. ठासणीच्या बंदुकीत एकच गोळी. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, मग प्लास्टिकच्या एका इवल्या वाटीत गोळी बसवून ती गजानं तळापर्यंत दाबायची. त्या वाटीला म्हणतात सॅबो. तिला चार पाकळ्या असतात. गोळी बाहेर पडली की पाकळ्या उघडतात आणि वाटी मागे गळून पडते. वाटी नळीत घट्ट बसली तर गोळी सरळ जाते, सैल राहिली तर कुठं जाईल ते गोळीलाही माहीत नसतं. म्हणून मी अख्खा उन्हाळा घालवून, दर गोळीनंतर नळी पुसून, पाच प्रकारच्या वाट्या तपासल्या आणि बारीक रेघांची काळी वाटी निवडली.

त्या शनिवारी गज नळीत अगदी सहज उतरत होता. मला वाटलं, थंडीनं प्लास्टिक आकसलं असेल.

पहिलं बक्षीस, म्हणजे डुकराची धुरी दिलेली अख्खी मांडी, लोवेलनं नेलं. लोवेल हा माझ्या नवऱ्याचा, डेन्झिलचा, धाकटा भाऊ. चौकात त्याचं शिकारीच्या सामानाचं दुकान आहे.

"व्हर्ना," तो सगळ्यांसमोर ओरडला, "शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव फिरवलास, तोच बरा होता गं तुझ्या हाताला!"

सगळे हसले. डेन्झिल तेवढा हसला नाही. कंबर दुखतेय म्हणून त्या दिवशी त्यानं बंदूक हातात घेतलीच नव्हती; तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता.

लोक गेल्यावर मी बर्फात वाकून माझ्या उडालेल्या वाट्या गोळा केल्या. चांगली वाटी फुलासारखी चहूकडून सारखी उघडते. या वाट्यांची बुडं एका बाजूनं जळली होती आणि दोन वाट्यांची तर एकेक पाकळी तुटून गेली होती. घरी येऊन चष्मा लावला, डबा उघडला आणि न वापरलेली एक वाटी दिव्याखाली धरली. काळीच होती, पण गुळगुळीत. रेघा नव्हत्या. आणखी एक काढली, तीही तशीच.

तीस वर्षं मी तीनशे पोरांचं जेवण रांधलं आहे. दुसऱ्याचा चमचा माझ्या डब्यात आला तर मला कळतं. कोणीतरी माझ्या वाट्या बदलल्या होत्या.

कोणी, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वाट्या लोवेलच्या दुकानातल्या. सकाळी "आण, मी धरतो" म्हणून माझा डबा मेजापर्यंत नेला तो लोवेलनंच. आणि बक्षीस नेलं तेही त्यानंच.

रात्रीच्या जेवणाला घेवडा आणि मक्याचा पाव होता. मी डेन्झिलला सगळं सांगितलं.

"थंडी असेल," तो म्हणाला.

"थंडीनं रेघा पुसल्या जातात?"

"लोवेल असं करणार नाही."

मी खाता खाता थांबले. वर्षभर हा माणूस लोवेलच्या नावानं बोटं मोडत होता. भाऊ असून रद्दी माल गळ्यात मारतो म्हणायचा. आज एकदम वकिली? तेवढ्यात त्यानं लोण्यासाठी हात पुढं केला आणि मला त्याचा तळवा दिसला. काळानिळा झाला होता.

"हे काय झालं?"

"लाकडं फोडताना लागलं."

आमची लाकडं नोव्हेंबरमध्येच शेजाऱ्याच्या यंत्रानं फोडून, रचून झाली होती. घास गोड लागेना.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेले. शेगडीपाशी नेहमीचे दोन म्हातारे बसले होते. त्यांच्यादेखत मी वाटी लोवेलपुढं आपटली. "मांडी कशी होती, लोवेल? चोरीची चव लागली का?"

म्हाताऱ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले. लोवेलनं वाटी उचलली, उजेडात धरली, बोटांत फिरवली. त्याचं हसू मावळलं.

"ही अरुंद नळीची वाटी आहे," तो हळू म्हणाला. "तुझ्या नळीत ही खुळखुळणार. ही मी विकतो ती एकाच घरात, व्हर्ना."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

डेन्झिलची बंदूक अरुंद नळीची. ते मला माहीत होतं. लोवेल पुढं म्हणाला, "यंदा त्यानं माझ्याकडून सात प्रकार नेले. निळ्या, पिवळ्या, लांब, आखूड. दर वेळी परत येऊन भांडतो."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"काय माहीत असेल?"

त्यानं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागला. "ते त्यालाच विचार."

मी विचारलं नाही. मी पाळत ठेवली. अडतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर पाळत ठेवताना स्वतःचीच लाज वाटते, पण ठेवली. गेली दोन वर्षं क्लबात मी त्याच्या पुढं होते. ते त्याला इतकं खुपलं असेल का, की बायकोच्या डब्यात हात घालावा? तो वर्तमानपत्र वाचत असला की मी त्याच्याकडे बघायची. पान उलटायला तो फार वेळ लावतो, हे मला दिसलं. त्याचाही अर्थ मी असाच लावला, की याच्या मनात काहीतरी शिजतंय.

बुधवारी दुपारी तो म्हणाला, "लोवेलच्या दुकानाचं दार खाली घासतंय, बघून येतो." दार दुरुस्त करायला निघालेल्या माणसानं बंदुकीची पिशवी ट्रकमध्ये टाकली. ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत मी थांबले आणि माझी गाडी काढली.

त्याचा ट्रक रस्त्याच्या मधोमध चालला होता. एका वळणावर उजवं चाक खडीवर गेलं आणि धडपडत वर आलं. चौकाकडे न वळता तो जुन्या चुनखडीच्या खाणीकडे वळला. मी गाडी वरच लावली आणि झाडीतून पायी उतरले.

त्यानं पन्नास पावलांवर एका फळीला कागद टाचला होता. तो बंदूक ठासत होता. माझ्या वाट्या त्याच्या नळीला जाड होत होत्या, त्यामुळं गज उतरेना. तळवा टेकवून, सगळं अंग त्यावर टाकून तो दाबत होता. तळव्याचं कोडं सुटलं. त्यानं नेम धरला, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली, आणि बार काढला.

मग तो फळीपाशी गेला. मला वाटलं, आता भोक बघेल. त्यानं हातमोजे काढले आणि बोटांच्या टोकांनी कागद चाचपायला लागला. वरून खाली, कडेकडेनं, परत मधे. मी तीस पावलांवर उभी होते आणि मला स्पष्ट दिसत होतं: कागद कोरा होता. त्याची बोटं कागदावरून फळीवर गेली, फळीच्या कडेपर्यंत गेली.

मी झाडीतून बाहेर आले.

"डेन्झिल."

तो दचकून वळला, पण त्याची नजर माझ्या बाजूच्या झाडावर गेली.

"माझ्या वाट्या तू घेतल्यास."

"घेतल्या," तो म्हणाला. "तुझ्या गोळ्या लागतात. मला वाटलं, तुझ्या वाट्यांतच काहीतरी असेल. डबा हलका लागू नये म्हणून माझ्या भरल्या. तुझा नेम बिघडेल हे डोक्यातच आलं नाही गं."

"मागायच्या होत्यास."

"मागितल्या असत्या तर तू विचारलं असतंस, कशाला."

गेल्या जानेवारीत त्याच्या गोळीनं एक हरिणी जखमी होऊन लंगडत ओढ्यापलीकडे गेली होती. दोन दिवस आम्ही तिचं रक्त शोधत फिरलो, सापडली नाही. तेव्हा तो म्हणाला होता, वाटी फाटली.

"फाटली नव्हती," तो आता म्हणाला. "मला ती नीट दिसलीच नाही. मधोमध डाग असतो, व्हर्ना. जिथं बघायला जावं तिथंच डाग. वर्षभर मी म्हणत राहिलो, सॅबो वाईट आहेत. लोवेल फसवतोय. दारू ओली आहे."

"आणि असल्या डोळ्यांनी तू ट्रक चालवत आलास?"

"रस्ता कडेनं दिसतो."

"किल्ली."

"व्हर्ना..."

"किल्ली दे."

त्यानं खिशातून काढून दिली. मग तो फळीला टेकून बसला आणि रडला. मी त्याच्याजवळ थंड दगडावर बसले. राग पुरता गेला नव्हता, पण त्याचा हात मी धरला होता.

कोलंबस शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. उजवा डोळा हातचा गेला. डावा दर महिन्याला सुई टोचून टिकवता येईल, पण डेन्झिल सहा महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. सहा महिने!

"लोवेलची माफी मागायला हवी," परतताना गाडीत डेन्झिल म्हणाला.

"माग की."

"तू आधी. चारचौघांत चोर तू म्हणालीस."

खरं होतं. मी दुकानात गेले आणि त्याच दोन म्हाताऱ्यांसमोर माफी मागितली.

"माफी नको," लोवेल म्हणाला, "कोंबडीच्या नूडल्स करून आण. भरपूर."

मग त्यानं सांगितलं, की उन्हाळ्यात डेन्झिल पाकिटावरचा आकडा मान वाकडी करून वाचत होता, तेव्हाच त्याला संशय आला होता. मी नूडल्स करून नेल्या. पण उन्हाळ्यापासून माहीत असून तो गप्प बसला, हे मी त्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि ते त्याला माहीत आहे.

जानेवारीत डेन्झिल शिकारीला यायला तयार नव्हता. मी ओढून नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सत्तर यार्डांवर एक हरिणी उभी राहिली. नळीत माझी रेघांची वाटी, बोट चापावर.

"दिसतेय?" डेन्झिल कुजबुजला.

"दिसतेय."

"अगदी स्पष्ट?"

मी पुन्हा बघितलं. तिच्या खांद्यावर एक फांदी आडवी आली होती. बोटाएवढीच, पण होती. मी थांबले. हरिणी दोन पावलं चालली, कान हलवले आणि उतारावरून निघून गेली.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. त्या वर्षी आमच्या फ्रीजरमध्ये आमचं हरीण आलं नाही. लोवेलनं त्याच्या हरणाची एक तंगडी आणून दिली. मी ती दिवसभर शिजवली, आणि डेन्झिल म्हणाला, मांस चिवट आहे, भाऊ असून रद्दी माल देतो.