गरम पाण्याची धार

मी गीझर बोलतोय. न्हाणीघरात, दाराच्या वरच्या भिंतीवर टांगलेला असतो ना, तोच. आत येणारे माझ्याकडे मान वर करून बघतात खरे, पण लाल दिवा लागलाय की विझलाय एवढंच बघतात.

मला मास्तरांनी आणलं. मास्तर म्हणजे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. घरात ते, काकू आणि लेक. सकाळी माझी नुसती तारांबळ उडायची. लेक एकदा आत गेली की बाहेर यायचं नावच घेत नसे. काकू दारावर थापा मारायच्या, "अगं, आमच्यासाठी ठेव काही, की सगळं तूच संपवणार?" ते भांडण ऐकायला मला फार आवडायचं.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. पुढे काही वर्षांनी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आंघोळ घालायला बाई ठेवा, असं लेकीने फोनवर सुचवलं. काकू अडखळत म्हणाल्या, "परका हात नको." मग मास्तरांनीच बाह्या सरसावल्या. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ते हलक्या हाताने साबण लावायचे.

आणि नेमकी तेव्हाच गरम पाण्याची धार बारीक होत गेली. शेजारच्या नळाला थंड पाणी धो धो यायचं. माझं मात्र करंगळीएवढं. तांब्या भरेपर्यंत काकू ओल्या अंगाने कुडकुडत बसायच्या. आत पाणी उकळतंय आणि बाहेर त्या गारठताहेत, हे वरून बघायचं माझ्या नशिबी आलं.

एकदा पाठीवर साबण तसाच राहिला. "राहू द्या हो," काकू म्हणाल्या, "कोरडं पुसा." त्यानंतर त्या आंघोळीला नकोच म्हणू लागल्या.

मास्तरांनी नळाची जाळी काढली आणि शिवणाची सुई घेऊन एकेक भोक मोकळं केलं. धार जेमतेम सुधारली. शेवटी त्यांनी प्लंबरला बोलावलं.

"पंप बसवावा लागेल का हो?" मास्तरांनी विचारलं.

"छे! थंड पाणी जोरात येतंय म्हणजे टाकी ठीक आहे. आपलं दुखणं गरम पाण्याच्या वाटेवरच आहे." त्याने माझ्यापासून नळापर्यंतचा लोखंडी पाइप उतरवला आणि उजेडात धरला. आत क्षारांचे पांढरे थरावर थर. "बघा काका, यातून पेन्सिल तरी जाईल का?"

त्याने नवा पाइप जोडला. माझंही पोट साफ केलं. आतून ओंजळ-ओंजळ खपल्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी काकूंची कशीबशी समजूत घातली. नळ उघडला तशी धार अशी सुटली की तांब्या हातातून निसटला आणि मास्तरच नखशिखांत भिजले. काकू बघत राहिल्या आणि हसल्या. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. "अहो, आंघोळ कुणाची आहे?"

मग त्या रोज म्हणायच्या, "अजून एक तांब्या. मानेवर." मास्तर ओतायचे आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. माझ्या आयुष्यातले खरे दिवस तेच.

थंडीच्या तोंडाशी काकू झोपेतच गेल्या.

तेव्हापासून माझा लाल दिवा लागलेला नाही. मास्तर येतात, थंड पाण्याचा नळ सोडतात, दात आवळून दोन तांब्ये अंगावर घेतात आणि निघून जातात. लेकीचा फोन येतो तेव्हा बाहेरच्या खोलीतलं मला सगळं ऐकू येतं.

"हो गं बाळा, गरम पाण्यानेच करतो. आता धार अगदी मस्त येते."

धार मस्त येते, एवढं मात्र खरं.

मास्तर, थंडी तुम्हालाही वाजते. अंग पुसायच्या आधीच तुम्ही टॉवेल घट्ट गुंडाळून घेता, मी वरून बघतो. एकट्या माणसासाठी कशाला तापवायचं, असं मनात आणू नका. बटण दाबा आणि थोडा वेळ बसा. एवढंसं पाणी तापायला मला कितीसा वेळ लागणार?