पाण्याआधीचे आभार

मी एक जुना फ्लेक्स आहे. हसू नका मित्रांनो, खरंच जुना आहे. आमच्यात पंधरा दिवस टिकला की तो म्हातारा, आणि मला तर चौथं वर्ष चालू आहे. माझे कोपरे फाटलेत, कडेच्या रिंगा गंजल्यात, आणि अंगावर अर्धचंद्रासारखे नऊ काप आहेत. ते काही भांडणातले नाहीत. वारा आरपार जावा म्हणून फ्लेक्स लावणाराच ते मारतो. कधीपासून मला हे सगळं कुणाला तरी सांगायचंय. थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो.

मी जन्मलो ठाण्याला, नौपाड्यात, छपाईच्या एका दुकानात. दुकान एवढंसं आणि मशीन हे मोठं. एका बाजूने मी पांढरा, कोरा आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने निळाशार होऊन बाहेर आलो. माझ्यावर एक टॉवर होता, टॉवरखाली पोहायचा तलाव, आणि तलावात आई, बाबा, मुलगा, मुलगी, सगळे दात दाखवून हसणारे. शाईचा वास जायच्या आत मला गुंडाळलं, टेम्पोत टाकलं आणि खोपटला एसटी डेपोसमोर उंच सांगाड्यावर चढवलं. काय दिवस होते ते. बसमधून उतरलेला माणूस आधी पिशव्या मोजायचा आणि मग मान वर करून मला बघायचा. एक बाई रोज मला नवऱ्याला दाखवायची, आणि नवरा रोज तेच बोलायचा, "चल, गाडी सुटेल."

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळलेली. मला लावलं तेव्हा तो टॉवर कुठेच नव्हता. दिवा स्टेशनजवळ नुसता खड्डा होता, आणि खड्ड्यात चिखल. पण आमचं कामच ते. जे नाहीये ते झालंय असं दाखवायचं. मला त्यात काही वाईट वाटायचं नाही. लहान होतो मी.

दोन महिन्यांनी माझ्या जागी मोबाइलची जाहिरात आली. मला उतरवलं कमलेशने. कमरेला दोरी बांधून फ्लेक्स चढवायचे, उतरवायचे, हेच त्याचं काम. उतरवलेल्या फ्लेक्सकडे ठेकेदार ढुंकून बघत नाही, म्हणून कमलेशने माझी घडी घातली आणि मला दिव्याला घरी नेलं. चाळीतली एक खोली, बायको सगुणा, मुलगी दक्षता, आणि दारासमोर चार पिंपं. सगुणाने मला उलगडलं, तलावातल्या माणसांकडे बघत राहिली आणि हळूच बोलली, "बाई गं, एवढं पाणी." मग तिने मला त्या पिंपांवर झाकण म्हणून टाकलं.

आता पाण्याचं ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. चाळीत नळ होता, पण त्यातून फक्त हवा यायची. पाणी टँकरचं. तो कधी दहाला यायचा, कधी बाराला, कधी यायचाच नाही. आणि चाळीच्या अगदी दारातून एक जाडजूड पाइप जायचा. पोरं त्याच्यावर घोडा घोडा खेळायची. तो पाइप रस्ता ओलांडून सरळ टॉवरला जायचा. तोच टॉवर, मित्रांनो, माझ्यावरचा. तीन वर्षांत खराखुरा उभा राहिला होता, सत्तावीस मजली, तलावासकट.

सगुणा त्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर शुभदामॅडमकडे काम करायची. सकाळी तिथे धो धो नळाखाली भांडी घासायची आणि दुपारी घरी येऊन एका तांब्यात सगळी विसळायची. कमलेश दिवसभर खांबावर. मग टँकरच्या रांगेत कोण उभं राहणार? दक्षता. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. रांगेतून सुटायची तोवर कॉलेज निम्मं झालेलं असायचं. शेवटी कॉलेजने बोर्डावर नाव लावलं, हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही. तिथल्या बाईंनी एक संधी दिली. पुढच्या सहा महिन्यांत हजेरी भरली तर बसू देऊ, नाहीतर नाव कमी.

त्या दिवशी सगुणा माझ्यावर हात टेकून दक्षताला बोलली, "नळ आला तर तू शिकशील. नाही आला तर तू पण माझ्यासारखी दुसऱ्याची भांडी घासशील. एवढंच आहे बघ आपलं."

त्या पाइपातून आम्हालाही पाणी द्या, असे अर्ज करून काही होत नव्हतं. मग मार्चमध्ये चाळीतल्या बायकांनी ठरवलं, रस्त्यावर बसायचं. कोपऱ्यावर एक मोकळा तुकडा होता, गुणाजीबाबांचा. बाबा इथले मूळचे, आगरी. टॉवरची जमीन त्यांच्याच घराने विकलेली. बायका घाबरत विचारायला गेल्या तर बाबाच बोलले, "बसा गो. त्या टावरच्या खाली माजा भात हाय. जमीन इकली, पोरांनी गाड्या घेतल्या, पन पानी कोनाला मिलंल न कोनाला नाय, ह्या मी इचारलाच नाय कदी."

आणि मंडपाला काय पाहिजे? कापड. कापडाचं भाडं कोण देणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कसलं भारी वाटलं मला, सांगू. कमलेशने मला बांबूंवर तिरका ताणला, चित्र आत आणि पांढरी पाठ रस्त्याकडे. दक्षताने लाल रंगाने माझ्या पाठीवर लिहिलं, "पाइप आमच्या दारातून, पाणी त्यांच्याच घरात." जागेचा अंदाज चुकला, म्हणून शेवटचं "घरात" बिचारं कोपऱ्यात कोंबलं गेलं. पण लोक थांबायचे. रिक्षावाले मान बाहेर काढून वाचायचे. टॉवरचे वॉचमन पण ड्यूटी संपली की टोपी खिशात घालून आत येऊन बसायचे, कारण तेही आमच्याच चाळीत राहायचे.

रोज पाच जणी उपाशी बसायच्या आणि बाकीच्या त्यांच्याभोवती. दुपारचं ऊन माझ्यातून आत शिरलं की सगळ्यांच्या अंगावर निळा उजेड पडायचा. शेजारची हेमा, तिची जीभ कधी स्वस्थ बसायची नाही, ती उपाशीपोटी बोलायची, "आपण पण पोहतोय बघा गं. फक्त पाणी सोडायचं राहिलंय."

सहाव्या दिवशी टॉवरने दणका दिला. गेटवर मोबाइलमध्ये कामवालीचं नाव टाकतात, हिरवं आलं की आत सोडतात. त्या सकाळी सगुणाचं नाव लाल आलं. हेमाचं लाल. मंडपात बसणाऱ्या प्रत्येकीचं लाल.

दुपारी शुभदामॅडम स्वतः खाली आल्या, बिस्किटांचे पुडे घेऊन. वाईट नव्हत्या हो त्या. माझ्या सावलीत जरा अंग चोरून उभ्या राहिल्या.

"सगुणा, माझ्याकडून काही नाही गं. कमिटीने ठरवलंय. तू यातून उठलीस तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन."

"मॅडम, तुमच्याकडचं पाणी बंद कधी असतं?"

मॅडम विचार करायला लागल्या. बराच वेळ केला. "मागच्या वर्षी होतं एकदा," त्या म्हणाल्या, "टाकी धुवायला."

बिस्किटं पोरांनी खाल्ली. सगुणा उठली नाही.

असे अठरा दिवस गेले. बायकांचे गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. हेमा दोनदा चक्कर येऊन पडली. आणि एकोणिसाव्या दिवशी प्रफुल्ल आला. प्रफुल्ल म्हणजे इथले पुढारी, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, प्रत्येक बाईला ताई. त्याने पाण्याच्या ऑफिसचं शिक्क्याचं पत्र आणलेलं. दक्षताने ते मोठ्याने वाचलं आणि थांबली.

"आई, यात देणार असं नाही लिहिलेलं. जोडणीबाबत विचार चालू आहे असं लिहिलंय."

"अगं, सरकारी भाषा अशीच असते," प्रफुल्ल बोलला. "तुझं कॉलेज आहे ना? अभ्यास कर, याच्यात डोकं नको घालू. पंधरा दिवसांत नळ वाहतोय, माझा शब्द. साहेब स्वतः येतायत संध्याकाळी. स्वागताला सगळ्या जणी उभ्या राहा, हात जोडून. एक फोटो घेतो."

आता बघा, दारात मोठा माणूस येणार तर हात जोडायचे, यात काय विचार करायचा? बायकांनी पदर नीट केले. सगुणाला मधे उभं केलं. हेमा बोलली, "लांबून काढ रे बाबा, माझं नाक फार पुढे येतं." एकोणीस दिवसांत पहिल्यांदा सगळ्या खळखळून हसल्या, आणि नेमकं तेव्हाच प्रफुल्लने बटण दाबलं.

साहेब काही आले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर एक नवा फ्लेक्स लागला. माझ्या दुप्पट. त्यावर आमच्या बायका, हसऱ्या, हात जोडलेल्या, आणि मधे सगुणा. वर साहेब. खाली मोठ्या अक्षरात, "पाण्याचा प्रश्न सुटला. समस्त भगिनींकडून साहेबांचे जाहीर आभार."

सगळी चाळ बघायला धावली. तुम्ही त्यांना हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाढदिवस त्या खांबांवर बघितलेले त्यांनी. "आमच्या घरातलं माणूस फ्लेक्सवर फक्त मेल्यावर चढतं," हेमा बोलली, "मी जिवंतपणी चढले." सगुणा हसत नव्हती. ती खालची ओळ परत परत वाचत होती. "सुटला असं का लिहिलंय?" तिने प्रफुल्लला विचारलं. तो बोलला, "सुटणारच आहे ना ताई. आधी आभार मानले की काम लवकर होतं."

मला वाऱ्याबरोबर त्या फ्लेक्सच्या ताज्या शाईचा वास आला आणि मित्रांनो, मी ओळखलं. मी त्याच जातीचा आहे. मला ओरडून सांगायचं होतं, उठू नका, बसून राहा. पण आमच्यावर जे लिहिलंय तेवढंच आम्ही बोलू शकतो. त्याच दुपारी मंडप सोडला. मला परत पिंपांवर टाकलं.

दक्षता चार दिवस कॉलेजला गेली. पाचव्या दिवशी टँकर आलाच नाही. चालकाने फोनवर सांगितलं, तुमच्याकडे लाइन आली ना, तुमची फेरी बंद केली. आधी बहुतेक रोज एक यायची, आता आठवड्याला दोन, त्याही रडून मागितल्यावर. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दोन गेले. नळाला पाणी आलं नाही. प्रफुल्ल फोन उचलेना.

शेवटी सगुणा आणि हेमा मला गुंडाळून, खांद्यावर टाकून पाण्याच्या ऑफिसात गेल्या. ऐकलं नाही तर तिथेच पायरीवर अंथरून बसायचं ठरवलेलं. अधिकारी शांत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल काढली आणि वरचाच कागद फिरवून सगुणासमोर ठेवला. त्या फ्लेक्सचा फोटो होता.

"यात मधे कोण आहे, ताई?"

"मीच."

"हात कुणी जोडलेत?"

"मी. पण साहेब येणार होते म्हणून..."

"खाली काय लिहिलंय? वाचता येतं ना?"

सगुणाने वाचलं. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तिच्या खांद्यावर असून नीट ऐकू आलं नाही.

"तुम्हीच आभार मानलेत, म्हणून प्रश्न निकाली काढला. आता नवीन अर्ज करा. नंबर लागेल तेव्हा बघू."

"ओ, फोटोतून पाणी येतं का?" हेमा बोलली. त्यांनी फाइल बांधली आणि पुढच्या माणसाला खुणावलं.

परत मंडप टाकायला कोपऱ्यावर गेल्या तर तिथे पत्र्याचं कुंपण. गुणाजीबाबा बाहेर दगडावर बसलेले. "पोरांनी ठोकलं गो पत्रं," ते बोलले. "मना इचारलं पन नाय." आणि त्यांनी मान खाली घातली. मग रस्त्याच्या कडेला बसायचं ठरलं, तर निम्म्या बायका आल्याच नाहीत. कुणाचं काम परत मिळालेलं, कुणाला लाज वाटत होती. येणारे जाणारे विचारायचे, तुम्ही तर फ्लेक्सवर हसताय, मग आता काय पाहिजे? दोन दिवसांत ते पण मोडलं.

सगुणाचं नाव गेटवर अजून लालच आहे. खोलीचं भाडं चुकतंय. शुभदामॅडमनी निरोप पाठवला, कमिटीचा राग तुझ्यावर आहे, मुलीवर नाही, मुलगी आली तर चालेल. कॉलेजने दक्षताचं नाव कमी केलं त्याच आठवड्यात. सोमवारी सकाळी ती टॉवरच्या गेटवर उभी राहिली आणि तिचं नाव हिरवं आलं. घरून निघताना तिने आईकडे बघितलं नाही. सगुणा पिंपांपाशी होती, हंडा हातात, माझी कड घट्ट धरून. बराच वेळ तिने ती सोडली नाही.

आता टँकरला सगुणा उभी राहते आणि भांडी दक्षता घासते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं सांगणार नाही. मला फाडलंत तरी चालेल. पण आमच्यासारख्या एखाद्या फ्लेक्सवर अमुक काम झालंय असं वाचलंत ना, तर आधी तिथे जा, नळ सोडा, खाली हात धरून बघा. आणि कुणी बोललं की हात जोडा, एक फोटो घेतो, तर त्याला विचारा, याच्याखाली तू काय लिहिणार आहेस? सगुणाने ते विचारलं नाही. तिला वाटलेलं, आपण फक्त पाहुण्याला नमस्कार करतोय.