धवलारणीचा रक्तदाब

धनेशला यातून काय मिळणार होतं, ते आधी बघू. 'समन्वयक' जाऊन 'वरिष्ठ समन्वयक', नेरूळच्या रुग्णालयात काचेची केबिन, परदेशातल्या परिषदेत एक फोटो आणि तो फोटो दाखवायला भावी सासरे. त्यासाठी त्याला एका नव्या यंत्राच्या चाचणीला फक्त काही माणसं हवी होती: ज्यांचा रक्तदाब कुठल्याच गोळीला जुमानत नाही आणि जी वर्षभर मधेच पळून जाणार नाहीत.

अशी माणसं शोधायला कोणी जाहिरात देतं. धनेश घणसोली गावात मावशीच्या ओट्यावर जाऊन बसला.

सगुणामावशीचा रक्तदाब साऱ्या आळीला माहीत होता. आवाजही. आगरी लग्नात देवांना बोलवायचं ते धवला गाऊन, आणि घणसोलीत धवला गायचा तो सगुणाबाईने. शेजारी टॉवर उभे राहिले, हळदी टॉवरच्या पार्किंगमध्ये होऊ लागल्या, तरी धवलारीण हीच. माघात धनेशच्या सख्ख्या बहिणीचं, मनस्वीचं लग्न ठरलं होतं. मनस्वीने तारखेआधी मावशीला विचारलं होतं, मग हॉलवाल्याला.

"बारकी मशीन हाय," धनेश म्हणाला. "छातीत बसवतात. मानेतल्या नसेला मधनंमधनं चिमटा काढते, प्रेशर उतरतं. अजून बाजारात नाय आली. चाचणी चाललीय."

"माज्यावर चाचनी?"

"तुज्यावर नाय गं, मशीनवर."

मावशी हसली. भाचा बोलण्यात हुशार, हे ती बालवाडीपासून सांगत आली होती.

पुढचं सगळं नियमाने झालं, हे मान्य करायला हवं. संमती घेताना कॅमेरा चालू होता. चाचणीच्या प्रमुख डॉक्टर उत्कर्षा, बाई सरळ. त्यांनी मराठीत, सावकाश, एकेक गोष्ट सांगितली. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल, हेही सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"काय नाय. घरीच असते."

ती खोटं बोलली नाही. धवल्याला गावात कोणी काम म्हणत नाही. त्याचा पगार नसतो. साडी-नारळ मिळतो, तो मान. आणि आपला मान आपल्या तोंडाने सांगायचा नसतो, शेजारच्याने सांगायचा असतो. शेजारी धनेश होता. आवाजावर ज्यांचं काम चालतं त्यांना या चाचणीत घ्यायचं नाही, ही अट डॉक्टरांना माहीत होती. बाई धवलारीण आहे, हे मावशीला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असलेला खोलीत एकच माणूस होता आणि त्याला नेमकी तेव्हा तहान लागली. तो पाणी पीत राहिला.

"काहींचा आवाज घोगरा होतो," डॉक्टर म्हणाल्या.

मावशीने चमकून भाच्याकडे पाहिलं.

"हळदीच्या दुसऱ्या दिवशी घसा बसतो ना मावशी, तसा. चार दिवस."

"किती सोपं करून सांगतोस रे," डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या. हळदीत सगळेच ओरडतात, एवढंच त्यांना ठाऊक. मावशीने सही केली.

यंत्राने आपलं काम केलं. रक्तदाब उतरला, तसा आवाजही उतरला. यंत्र चिमटा काढी तेव्हा बोलता बोलता शब्द खरखरत; वरचा सूर लावायला जावं तर नुसती हवा. चार दिवस गेले, गणपती गेले, दिवाळी गेली.

"बंद करून टाक ती मशीन," ती धनेशला म्हणाली. "मनस्वीची हळद आली तोंडावर."

"वरीस भरल्याशिवाय नाय होत बंद. मधेच केली तर हार्टवर येतं."

डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं ते तिने ऐकलं होतं. पण ते एका परक्या बाईने सांगितलेलं, हे भाच्याने.

मनस्वीच्या हळदीला मावशीने देवांना बोलवायला तोंड उघडलं. मागच्या बायका ओळ उचलायला थांबल्या, पण उचलण्यासारखं काही आलंच नाही. शेवटी मावशीच्या मुलाने, कुंदनने, मोबाईलमधलं जुन्या लग्नाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. आपल्याच आवाजाखाली मावशी तोंड मिटून बसली. धनेश पाहुण्यांना जिलबीचा आग्रह करत होता.

एरवी तपासणीत मावशीच्या वतीने तोच उत्तरं द्यायचा. लग्नामुळे तो रजेवर, म्हणून या खेपेला ती एकटी गेली.

"आवाजात बदल, सौम्य," डॉक्टर टाइप करता करता पुटपुटल्या.

"सौम्य म्हंजी?"

"थोडासा. रोजच्या कामात अडत नाही असा."

"बाय, मी धवला गातंय."

डॉक्टरांची बोटं थांबली. "तुम्ही घरी असता म्हणालात ना?"

"घरीच असते. लगीन असला का गाते. गावान कंचा लगीन माज्याबिगर झाला नाय."

"धनेशला माहीत होतं?"

"त्याच्या बहिनीचाच तर व्हता आता."

"मग यंत्र बंद करा म्हणून सांगितलं का नाहीत?"

"सांगितला ना. वरीस भरल्याबिगर नाय होत बोलला."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे यंत्र बंद केलं.

संध्याकाळी धनेश ओट्यावर आला, पण बसला नाही. "प्रेशर बघ ना तुजं किती उतरलेलं! आन डॉक्टरनी इचारलं तवा 'घरीच असते' कोण बोललं? तूच ना?"

"माजा मान मी बोलाचा नसतो रे," मावशी खरखरत म्हणाली. "तू बोलाचा व्हता."

आता बेरीज. रुग्णालयाच्या नीतिसमितीला 'प्रक्रियेतील त्रुटी' आढळली. धनेशला नीतिमत्तेचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं. जेवण चांगलं होतं म्हणतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने प्रश्नावलीत 'लग्नकार्यात गाता का?' ही ओळ वाढवली आणि पुढे निघाली. डॉक्टर उत्कर्षांनी चूक आपली म्हणून लेखी दिली, प्रमुखपद गेलं. मनस्वीचे देव स्पीकरवरून आले. यंत्र बंद, म्हणून मावशीचा रक्तदाब परत होता तिथे गेला. बोलण्यापुरता आवाज आला; वरचा सूर आला नाही, नस दुखावली असावी म्हणतात. बाकीच्यांनी थोडंथोडं दिलं. मावशीने आवाज आणि रक्तदाब, दोन्हीकडून दिलं, आणि भाचा गेला तो वेगळाच.