नांदतं घर

त्या चाळीस मजली इमारतीत निम्मे फ्लॅट बंद होते. मालकांच्या लेखी त्या तिजोऱ्या होत्या. फरक एवढाच, की तिजोरीला वास येत नाही. नळ सोडले नाहीत की मोरीच्या जाळीखाली वास अडवणारं पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट दिवाणखान्यात येऊन बसतो. म्हणून मॅनेजरनं एक नळवाला ठेवला होता. बंद घरांमधून फिरायचं, नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या. एवढ्या घरांच्या किल्ल्या कमरेला आणि बिऱ्हाड पुलाखाली.

थंडीत त्याच्या बायकोच्या छातीत कफ भरला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सतराव्यावर राहा. कुणी विचारलं तर साफसफाई चालू आहे म्हणायचं." फुकटात राखण झाली आणि वर उपकारही. मॅनेजर कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

अंगात बळ आलं तशी बायकोनं फरशी घासली, काचा पुसल्या.

"अगं, आपलं काय आहे इथं?"

"आपलं नाही म्हणून उकिरड्यात राहू?"

मग दलाल एका बाईंना घेऊन आला. बाईंनी बाकीची घरं नाकाला रुमाल लावून पाहिली. सतराव्यावर रुमाल खाली आला. "हे कसं नांदतं घर वाटतं!" सौदा तिथंच ठरला. नांदणारी दोघं तेव्हा वळकटी घेऊन जिन्यात उभी होती.

"घास अजून!" नळवाला पुटपुटला.

मॅनेजर मात्र खूश. "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे. आता एकविसाव्यावर जा. तो काही केल्या खपत नाहीये."

बढतीच म्हणायची, चार मजल्यांची.

वर गेल्यावर बायकोनं झाडू कोपऱ्यात उभा केला. "आता हात लावायची नाही. वास आहे तोवर छप्पर आहे."

"आणि वास आला म्हणून माझीच नोकरी गेली तर?"

तिनं विचार केला. घर खपलं तरी पुलाखाली, नोकरी गेली तरी पुलाखाली. "बरं, नळ तेवढे तू सोड. धूळ माझ्याकडे लागली."

संध्याकाळी तो परतला. फरशीवर धूळ, काचांवर धूळ. स्वयंपाकाचा ओटा मात्र लखलखत होता.

"काय हे? बायका आधी ओटाच बघतात!"

"राहवलं नाही हो." तिनं दुपारच्या जेवणाची खरकटी ताटं उचलली आणि ओट्यावर नीट पसरून ठेवली.